चार बोटांचा तळ

मार्चात आमच्या आलापल्लीच्या शाळेत दहावीचं केंद्र असतं. पहिली घंटा होते, मुली चपला बाहेर काढून आत येतात, कंपास उघडून पेन आहे की नाही ते पुन्हा पुन्हा बघतात आणि मी उत्तरपत्रिका वाटत जाते. शाळेच्या मागे आरामशीन आहे. दिवसभर तिथं साग चिरणं चालतं. सागाचा वास कोरडा, थोडा चामड्यासारखा. इतक्या वर्षांत तो मला जाणवेनासा झालाय. पण यंदा इंग्रजीच्या पेपरला कोणीतरी तिथं आंब्याचं खोड आणून टाकलं. आंबा चिरला की आंबूस-गोड वास सुटतो, शिळ्या ताकात गूळ पडल्यासारखा. तो खिडकीतून आत आला आणि मी तिसऱ्या रांगेत उभी राहिले ती उभीच राहिले. एका मुलीनं पुरवणी मागितली. दुसऱ्यांदा मागितली. तिसऱ्यांदा तिनं माझ्या पदराला हात लावला, तेव्हा मी भानावर आले.

माझी दहावी आणि बाबांचा शेवटचा डोंगा एकाच मार्चात झाले. दोघांतलं एकच पास झालं.

आम्ही ढिवर, तलावातल्या मासोळीवर जगणारे. वैनगंगेच्या पलीकडं, ब्रह्मपुरीच्या बाजूला आमचं गाव. गावाला जुना मालगुजारी तलाव आहे, त्यात मासोळी आणि शिंगाडा. आमच्या घरात माझ्या आधी दहावीच्या वर्गात कोणी बसलं नव्हतं. पुढं मी बी.ए. केलं, बी.एड. केलं, आज सही करताना नावापुढं ते लिहिते. कोणाला हा मोठेपणा वाटला तर वाटो. तो मी कमावलेला आहे. पण त्या मोठेपणाखाली काय आहे तेही सांगायला पाहिजे, आणि ते मी आजवर नीट सांगितलेलं नाही.

डोंगा म्हणजे एका खोडातून कोरलेली होडी. फळ्या नाहीत, जोड नाही. ज्या घरचा डोंगा पाण्यावर, त्या घराचा शिंगाड्याच्या वेलींचा एक पट्टा, असा आमच्याकडचा रिवाज. डोंगा फुटला तर त्या घरासाठी एक वर्ष थांबतात, नवा करू देतात. चालवणारा माणूस थकला तर त्याचा मुलगा बसतो. मुलगा नसला तर पट्टा दुसऱ्याकडं जातो, आणि तो माणूस तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून दुसऱ्यांचे शिंगाडे उकडतो, सोलतो. बाबांना मुलगा नव्हता. मी एकटी होते. आणि बाईमाणसानं डोंग्यात पाय ठेवायचा नाही, हाही रिवाजच.

बाबांचा जुना डोंगा मोहाचा होता. त्या हिवाळ्यात तो बुडाकडून कुजला. आमच्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, धुऱ्यावरचा आंबा आदल्या पावसाळ्यात वादळानं आडवा झाला होता, त्याचं खोड बाबांनी माणसं लावून घरामागं आणलं. बाहेरून ओबडधोबड आकार दिला. माणसं आपापल्या कामाला गेली. मग राहिलो बाबा आणि मी. शाळेला अभ्यासाची सुट्टी लागली होती.

मार्चातली आमच्याकडची सकाळ दोन तासांची असते. नऊ वाजले की उन्हाचा चटका बसतो. माय अंधुक उजेडातच मोहफुलं वेचायला जायची आणि टोपलं डोक्यावर घेऊन परत यायची. अंगणात फुलं वाळत पडलेली, त्यांचा तो नाकात बसणारा वास, घरामागं आंब्याच्या ढलप्यांचा वास, आणि माझ्या मांडीवर इतिहासाचं पुस्तक. माय येता-जाता बोलायची.

"दहावीची पोट्टी ढलप्या गोळा करून राह्यली. पास होऊन वाढई-सुताराच्या घरी जाते का तू?"

बाबा म्हणायचे, "तिले वाचू दे, बोलू नको."

"मीच बोलून राह्यली का? तुमचा तो लाकूडतोड्यावानी आवाज चालू हाय तो?"

तसं ती हसूनच बोलायची. तिला काही माहीत नव्हतं.

मलाही ते एका सकाळी कळलं. डोंग्याच्या काठासाठी मी कोळशानं रेष मारून दिली होती आणि बाबा वासल्यानं तासत होते. वासला म्हणजे आडव्या पात्याची कुऱ्हाड. दोन पायांच्या मधे मारत मारत मागं सरकायचं. गावातले निम्मे डोंगे बाबांच्या वासल्याखालून गेलेले. त्यांचा घाव रेषेवर पडायचा, रेष अर्धी राहायची, अर्धी जायची. त्या दिवशी तो रेषेच्या बोटभर पलीकडं पडला. मग पुन्हा पडला. बाबा थांबले नाहीत.

"बाबा, रेष इकडं राह्यली."

"कुठी?"

"ही काय, तुमच्या पायापाशी."

ते वाकले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "बोट ठेव तिच्यावर."

मी ठेवलं. ते खाली बसले आणि माझा हात चाचपत मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत आले. मग रेष सापडल्यासारखी मान हलवली. मला ऊन लागल्यासारखं झालं.

"कधीपासून?"

"मागच्या धानकापणीपासून. नळीतून पाह्यल्यावानी दिसे. आता नळीतबी धूर झाला."

"डॉक्टरले दाखवा ना."

"दाखवलं. तुह्या मायले सांगतलं का बाजारात जातो, अन गडचिरोलीले जाऊन आलो. नस सुकली म्हणते. मोतीबिंदू असता त काढला असता." त्यांनी वासल्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला. "कोणाले सांगू नको, शालू. मायलेबी नाई. गावाले मालूम झालं का पट्टा गेला."

"मंग डोंगा कसा चालवान?"

"पाण्यात डोरे कायले लागते? तलाव मले तोंडपाठ हाय. कुठी खुंट, कुठी गाळ, सारं मालूम. डोंगा तेवढा करून दे."

करून दे. हे दोन शब्द मी पुष्कळ वर्षं डोक्यात बाळगले. बापानं लेकीकडं काही मागावं, आणि तेही असलं काम, हे आमच्याकडं कोणाच्या वाट्याला येत नाही. मला भीती वाटली त्याहून जास्त अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू.

त्यानंतर मला सगळं दिसायला लागलं. चहा ओतताना बाबा कपात बोट घालून ठेवत. दारातून बाहेर पडताना ओठ हलत, ते पावलं मोजत होते. रस्त्यानं कोणी आलं की आधी खोकत, समोरच्यानं बोलावं म्हणून. आवाज ओळखला की मग नावानं हाक मारत. गाव म्हणायचं, म्हातारपणात माणूस मायाळू झाला, आधीच राम राम करते.

डोंगा कोरताना सगळ्यात अवघड काय, तर किती कोरायचं ते. आतून वासला चालवणाऱ्याला बाहेरची बाजू दिसत नाही. जास्त गेलं तर भोक, कमी गेलं तर डोंगा जड. त्याला आमच्या लोकांची एक रीत आहे. खोड पालथं असतानाच बाहेरून गिरमिटानं भोकं पाडायची आणि त्यात बांबूच्या खुंट्या ठोकायच्या. खुंटी तेवढीच लांब, जेवढी जाडी ठेवायची. ठोकण्याआधी खुंटीचं आतलं टोक चुलीत जाळून काळं करायचं. मग खोड उलटून आतून कोरत यायचं. लाकडात काळा ठिपका दिसला की वासला थांबवायचा. बाजूला दोन बोटं जाडी, तळाला चार बोटं. कोणाही ढिवराला विचारा, तो हेच सांगेल. दोन बोटं, चार बोटं.

बाजूच्या खुंट्या बाबांनी स्वतः कापल्या, बोटं लावून लावून, न बघता. तळाच्या राहिल्या होत्या, तेवढ्यात तलावाच्या पाळीचं काम निघालं आणि रघुभाऊंनी बोलावणं पाठवलं. रघुभाऊ आमच्यातले मोठे, तलावाचे वाटे तेच करायचे. न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. गेलं नाही तर का आला नाही म्हणून कोणी घरी आलं असतं.

"तळाच्या तू काप," बाबा म्हणाले. "चार बोटं. जास्त नाई, कमी नाई."

"स्केलनं मोजू का?"

"लाकडाले स्केल काय समजते? बोटानं मोज."

मी मोजलं. बांबूवर चार बोटं आडवी ठेवली, कोयत्यानं खूण केली, कापलं. माझी चार बोटं. सोळा वर्षांच्या मुलीची, पेनानं शाई लागलेली. सगळ्या खुंट्या सारख्या आल्या म्हणून मी खूश झाले. गिरमिटाच्या दांड्याला तेवढ्याच मापावर दोरा बांधला, भोकं पाडली, टोकं जाळली, ठोकून टाकल्या. बाबा परत आले तेव्हा काम संपलेलं होतं. त्यांनी तळावरून हात फिरवला. खुंट्या लाकडाशी सपाट बसल्या होत्या; बाहेरून लांबी कळायला जागाच नव्हती.

"चार?"

"चारच."

माझ्या कंपासमध्ये स्केल होती. तो दिवस आठवला की मला ती स्केल दिसते, पंधरा सेंटीमीटरची, पारदर्शक, एका कोपऱ्यात तुटलेली. पण खरं सांगायचं तर चूक स्केल न वापरण्यात नव्हती. आमच्या आज्यापणज्यांपासून बोटांनी मोजलेले डोंगे तरंगत आलेत. कोणाची बोटं, हे कोणी कधी सांगितलं नव्हतं, कारण विचारायची वेळच आली नव्हती. मोजणारा हात नेहमी मोठ्या गड्याचा असे.

खोड उलटायला माणसं आली, त्यांत रघुभाऊही होते. मी ढलप्या भरत होते. ते म्हणाले, "काऊन रे, पोट्टीले डोंग्याले हात लावू देतं? पोट्टीच्या हातचा डोंगा पाहून मासोऱ्या लाजतीन."

बाबा हसले. "ते ढलप्या उचलते फक्त. चुलीले लागते."

त्यांचं ते वाक्य मला लागलं. मी रुसून आत गेले.

आणि मग पेपर सुरू झाले. सकाळी सायकलनं केंद्रावर जायचं, दुपारी परत. ऊन उतरलं की घरामागं. बाबा आत उतरायचे, मी बाहेर काठाशी बसून उद्याच्या पेपरचं मोठ्यानं वाचायचे आणि डोळा आत ठेवायचे.

"काळं दिसलं?"

"नाई."

खच्, खच्, खच्.

"आता?"

"नाई. थोडं राह्यलं."

खच्.

"दिसलं."

मी दिसलं म्हटलं की ते थांबायचे, हातभर सरकायचे, पुन्हा सुरू. माझ्या एका शब्दावर तो वासला थांबत होता. मधे मी अडखळले तर मला सांगायचे, "काल तू ते दुसरं कारण आधी सांगतलं होतं." ज्या माणसानं चौथीत शाळा सोडली, त्याला माझा इतिहास आणि अर्धा भूगोल पाठ झाला होता. मी प्रश्न विचारायचे, ते वासला मारता मारता उत्तर द्यायचे. माझ्या आयुष्यात त्याहून चांगली शाळा झाली नाही, आणि मी आज शिक्षिका आहे.

एका संध्याकाळी काम जवळजवळ संपलं होतं. उद्या भूमिती होती. बाबांनी बाहेर येऊन तळाला बोटाच्या पेरांनी ठोकून पाहिलं. कान लावला. पुन्हा ठोकलं.

"आवाज हलका येते."

मी पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, "जुना मोहाचा होता बाबा. मोहाची घनता जास्त असते. आंब्याची कमी. आवाज हलका येणारच."

घनता. विज्ञानाच्या पेपरसाठी पाठ केलेला शब्द. बाबांनी हात लाकडावरून काढून घेतला. मग म्हणाले, "असन. तू शिकलेली हाय."

आतापर्यंत मी माझ्या चुकीबद्दल सांगत होते. मापाची चूक लहान मुलीची होती, ती मी स्वतःला कधीकधी माफ करते. हे वाक्य माफ होत नाही. तीस-चाळीस वर्षं लाकडाचा आवाज ऐकलेला कान बरोबर सांगत होता आणि मी त्याला पुस्तकातला एक शब्द फेकून गप्प बसवलं.

करंजीचं तेल पाजून, हळदकुंकू वाहून डोंगा पाण्यात गेला. मी पाळीवर उभी होते. हलका होता, चपळ होता. लोक म्हणाले, याच्याहून देखणा डोंगा या बुढ्यानं केला नाही. जूनमध्ये निकाल लागला. गावात मी पहिली, गणितात शंभरातले एक्क्याण्णव. समाजमंदिरापुढं मांडव टाकून माझा सत्कार केला. नारळ, शाल आणि एक भिंतीवरचं घड्याळ. रघुभाऊ भाषणात म्हणाले, ढिवराच्या पोरीनं नाव काढलं. बाबा पहिल्या रांगेत बसले होते आणि टाळ्यांच्या आवाजाकडं तोंड करून हसत होते.

शिंगाडा दिवाळीच्या आगेमागे निघतो. मी अकरावीला ब्रह्मपुरीला होते, सुट्टीत घरी आले होते. पाळीवर चुली पेटलेल्या, बायका शिंगाडे उकडत होत्या, वाफेनं पाळ धुरकटलेली. भर दुपार. पाण्यावर सगळे डोंगे. बाबांचा पट्टा पाळीपासून बऱ्याच आत होता. तिथं जुन्या झाडांचे बुडालेले खुंट आहेत, बाबांना पाठ असलेले. पण त्या वर्षी पाणी कमी होतं आणि खुंट जरा वर आले होते. डोंग्याचं बूड एका खुंटाला घासलं. जाड तळ असता तर धक्का बसला असता, शिवी निघाली असती, संपलं असतं. आवाज पाळीपर्यंत आला, वाळलं लाकूड मोडल्यासारखा.

डोंगा भरला आणि बाबा पाण्यात पडले. कोणी घाबरलं नाही. ढिवर तलावात पडला तर कोण काळजी करतं? दोन-चार बायका हसल्यासुद्धा. बाबा वर आले, डोक्याला झटका दिला आणि पोहायला लागले. हात चांगले जोरात पडत होते. पाळीकडं नाही. तलावाच्या मधाकडं.

"बुढा तिकडं काऊन जाऊन राह्यला?" एक बाई म्हणाली.

मला माहीत होतं. गावात मला एकटीला माहीत होतं. माय हातातला झारा धरून उभी होती, तिच्या चेहऱ्यावर नुसतं नवल होतं. मी ओरडायला तोंड उघडलं आणि ओरडले नाही. कारण "बाबा, इकडं" म्हटलं की झालं, सगळ्यांना कळलं. मी तेवढा विचार केला. बाप बुडत असताना पट्ट्याचा विचार केला, आणि मला वाटतं, पाण्यात बाबाही तोच करत असतील, कारण त्यांनीही एकदाही हाक मारली नाही.

शेवटी रघुभाऊंनीच आवाज दिला, "इकडं! पाळ इकडं हाय!" बाबांनी मान वळवली, पण पाण्यावर आवाज चारी बाजूंनी येतो. ते थांबले, एका बाजूला चार हात मारले, दुसऱ्या बाजूला चार मारले. तेव्हा पाळीवर सगळे गप्प झाले. चुलीवरचं पाणी उकळत होतं तेवढाच आवाज. रघुभाऊंनी आपला डोंगा नेऊन त्यांना दंडाला धरून वर ओढलं.

फुटका डोंगा ओढून पाळीला लावला. तळ खुंट्यांच्या ओळीनं सरळ चिरला होता. मी जवळ जाऊन बसले. चिरलेली कड समोर होती, आतलं लाकूड पिवळं, ओलं. मी त्या कडेवर बोटं आडवी ठेवली. चार. नेमकी चार, केसाचाही फरक नाही. तोवर बाबा अंगावर घोंगडी घेऊन आले होते. त्यांनी खाली बसून हातानं ती कड शोधली आणि आपली बोटं लावली. तीन बोटं मावली, चौथं बाहेर राहिलं. त्यांनी पुन्हा लावून पाहिली. मग चाचपत माझा हात घेतला, आपल्या तळव्यावर पालथा ठेवला, आणि माझी बोटं एकेक करून आपल्या बोटांवर जुळवून पाहिली. आणि हात सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी समाजमंदिरापुढं बैठक बसली. जिथं माझा सत्कार झाला होता तिथंच. मी मायच्या मागं बायकांत बसले होते.

रघुभाऊ काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी वाट ठेवून विचारलं. "पाण्यात पडल्यावर माणसाले दिशा सुचत नाई, होते तसं. मी त्याच्यावर जात नाई. पण तळ पाह्यला मी. एवढा पातळ तुह्या हातून होत नाई. संगं पोट्टी होती ना तुह्या? तिनं मोजलं का? पोट्टीचं चुकलं असन त सांगून दे. डोंगा फुटला म्हणू, एक वर्ष थांबू."

दार उघडं होतं. माझं नाव घ्यायचं, एवढंच. एक वर्ष मिळालं असतं. नवं खोड, नवा डोंगा. पण बैठकीतून उठताना प्रत्येकाच्या तोंडी हेच गेलं असतं की पोरीच्या हातचा डोंगा बापाला घेऊन बुडाला. मी जिथं नांदायला जाईन तिथपर्यंत ते गेलं असतं.

बाबा उभे राहिले. "पोट्टी कायले मोजते? ते त शाळेत होती, दहावी होती तिची. म्या एकट्यानं केला." आणि मग, "डोरे गेले माहे. मोजताच नाई आलं."

मायनं वळून माझ्याकडं पाहिलं.

मी उठून बोलू शकले असते. मला बोलता येत होतं, वक्तृत्वात बक्षिसं होती. मी बसून राहिले. शाल दिलेल्या लोकांपुढं, गणितात एक्क्याण्णव मिळवलेल्या मुलीनं, मला चार बोटं मोजता आली नाहीत असं कसं सांगायचं? मी तेव्हा घाबरले असं पुढं स्वतःला सांगत राहिले. ती भीती नव्हती, तोरा होता.

पट्टा गेला. घरी माय मला एवढंच म्हणाली, "तुले मालूम होतं." आठ दिवस तिनं मला वाढलं, पण बोलली नाही. त्या हंगामापासून बाबा पाळीवर बसून दुसऱ्यांचे शिंगाडे सोलायला लागले. त्याला डोळे लागत नाहीत. बोटं काटे टोचून टोचून काळी झाली. पाण्याकडं तोंड करून बसायचे. जवळून डोंगा गेला की आवाजावरून सांगायचे, हा अमक्याचा, याचं उजवं बूड जड आहे. सुरुवातीला लोक थांबून ऐकायचे. नंतर थांबेनासे झाले.

बी.ए.चा निकाल घेऊन मी घरी गेले, त्या दिवशी ठरवूनच गेले होते. पाळीवर त्यांच्या शेजारी बसले. आधी निकाल सांगितला. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "आता तुले कोणी काई म्हणू शकत नाई." मी म्हणाले, "बाबा, तळाच्या खुंट्या मी कापल्या होत्या. माझ्या बोटानं."

ते शिंगाडा सोलत राहिले.

"कोणत्या?"

"डोंग्याच्या. आंब्याच्या डोंग्याच्या."

"तू कुठी होती? तू त शाळेत होती."

"बाबा, मी रोज काठावर बसायची. काळं दिसलं का विचारे तुमी. इतिहासाची उत्तरं सांगे. आवाज हलका येते म्हटलं तुमी, मी घनता सांगतली."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्याच्या घरची गोष्ट ऐकावी तसं, मान हलवत, मधेच हसत. "असन बा," म्हणाले. "मले त एकट्यानंच केला असं आठवते."

मला आजही माहीत नाही. बैठकीत सांगितलेलं ते इतक्यांदा इतक्या लोकांना सांगत राहिले की त्यांना तेच खरं वाटायला लागलं होतं, की अजूनही मला पाठीशी घालत होते. डोळ्यांत बघून खरं-खोटं कळतं म्हणतात. त्यांच्या डोळ्यांत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी रडले, त्याचा आवाज होऊ दिला नाही. पण त्यांनी हातातला शिंगाडा खाली ठेवला आणि माझं रडणं संपेपर्यंत दुसरा उचलला नाही.

बाबा गेले त्याला आता काही वर्षं झाली. दहाव्याला तलावाच्या काठी माणसं जमली होती. रघुभाऊ फार म्हातारे झाले होते, काठी घेऊन आले. बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगत होते, "हिचा बाप मोठा हुन्नरी. डोऱ्यानं काई दिसत नव्हतं, तरी अख्खा डोंगा एकट्यानं कोरला. संगं कोणी नाई. असा माणूस होणे नाई." पाहुणे चुकचुकत होते.

मी पुढं झाले. "रघुभाऊ, एकट्यानं नाई. मी होती संगं. तळाचं माप मी घेतलं. ते चुकलं, म्हणून डोंगा फुटला. बाबाची चूक नव्हती."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. रघुभाऊंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हो बाई, हो," म्हणाले. मग पाहुण्यांकडं वळले. "पाहा. शिकली-सवरली पोट्टी हाय, बापाच्या मागं बापाचा दोष आपल्या अंगावर घेऊन राह्यली." आणि एका बाईनं पदर डोळ्याला लावला.

गावात आता ती गोष्ट तशीच चालते, त्यात मी लेकीचं कर्तव्य करणारी आहे. बाबा आयुष्यात दोनदा खोटं बोलले. एकदा स्वतःसाठी, एकदा माझ्यासाठी. पहिलं तलावानं भर दुपारी उघडं पाडलं. दुसऱ्यानं माझं नाव राखलं, पण तो अख्खा मार्च माझ्याकडून काढून घेतला. त्या महिन्यात माझा बाप माझ्या शब्दावर हात उचलत होता आणि थांबवत होता, हे माहीत असलेलं आता माझ्याशिवाय कोणी नाही. तो महिना मला परत पाहिजे. चुकीसकट पाहिजे, चूक काढली तर त्यात मी उरतच नाही.

तोंडी सांगून झालं, कोणी मानलं नाही. म्हणून लिहिते. डोंगा आम्ही दोघांनी केला. तळ मी मोजला, तो पातळ झाला, आणि ते मी सांगायला पाहिजे तेव्हा सांगितलं नाही.